वही, दोन रकाने आणि रोजचा अर्धा तास

आज आधी एक कबुली देते आणि मग मुद्द्याकडे वळते.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या बरणीमागे, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. भिशीचे पैसे मी त्यात ठेवते. भिशीच्या दिवशी सकाळी डबा उघडला, तर चार हजारांच्या जागी दोनच हजार. पुन्हा मोजले. डबा पालथा केला, फळीवरचा कागदही काढून पाहिला. दोन हजार नव्हते ते नव्हतेच.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी त्या वेळी मोरीत भांडी घासत होत्या. सहा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. घरात मोकळेपणानं वावरणारं बाहेरचं माणूस म्हणजे त्याच. माझ्या डोक्यात विचार आला आणि तिथं न थांबता सरळ तोंडातून बाहेर पडला, "मावशी, वरच्या डब्याला कुणी हात लावला होता का हो?" म्हणायला 'कुणी' म्हटलं, पण नजर त्यांच्यावरच होती. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. न येणं म्हणजे कबुलीच, असं शेजारच्या दोघींना सांगून मी मोकळीही झाले.

पंधरा दिवसांनी वाचनालयाचं पुस्तक परत करायला गेले. मुदत केव्हाच उलटली होती. तिथल्या बाई परत आलेलं पुस्तक उलटं धरून झटकतात, पानांत काही राहिलं असेल तर पडावं म्हणून. त्यांनी झटकलं आणि एक कागद टेबलावर पडला. "तुमचा दिसतोय," त्या म्हणाल्या. मुलाच्या शाळेच्या सहलीची पावती. रुपये दोन हजार फक्त. तारीख नोव्हेंबरातली.

मग सगळं आठवलं. वाचनालयातून येता येता मीच डब्यातले पैसे शाळेत भरले होते आणि पावती हातातल्या पुस्तकात सरकवली होती. त्याच संध्याकाळी सासूबाईंना ताप भरला. पुढचे दहा दिवस दवाखाना आणि औषधं यांत गेले, आणि सहलीचे पैसे यांनी भरले असं कसं कोण जाणे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुस्तक बाविसाव्या पानापुढे गेलंच नव्हतं. पावती तिथं खूण होऊन अडकून राहिली होती.

मावशींकडे माफी मागायला गेले, त्याचं शेवटी सांगते. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. विचार करता करता लक्षात आलं, की या एका प्रसंगात माझ्या तीन सवयी उघड्या पडल्या होत्या. पैसे दिले ते लिहिले नाहीत. संशय आला तो तपासला नाही. आणि पुस्तक आणलं ते वाचलं नाही. तिसरी चूक तुम्हाला किरकोळ वाटेल. पण रोज एक पान जरी उलटलं असतं, तरी ती पावती दुसऱ्याच दिवशी हाताला लागली असती आणि एका कष्टाळू बाईवर चोरीचा आळ आला नसता.

तेव्हापासून या तीन सवयींवर मी वर्षभर काम केलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. यात खर्च आहे तो एका वहीचा.

पहिली गोष्ट : वही

"माझ्या सगळं लक्षात असतं," हे आपण किती अभिमानानं म्हणतो! पण डोक्याची जागा बेताची असते. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५६ साली एक लेख लिहिला. माणसाला एका वेळी मनात साधारण सात गोष्टी धरता येतात, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त, असं त्यात मांडलं होतं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन या संशोधकानं तो आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला.

आता आपल्या घरातली सकाळ आठवा. दूध तापत ठेवलंय, पोळ्या व्हायच्यात, दोन डबे भरायचेत, सासूबाईंची जेवणाआधीची गोळी द्यायचीय, मुलाच्या वहीवर सही राहिलीय, पाणी जायच्या आत टाकी भरायचीय, गॅसचा नंबर लावायचाय आणि तेवढ्यात फोन वाजतो. चार कधीच होऊन गेले, सातही झाले. मग त्यातली एखादी गोष्ट निसटली तर आपण वेंधळ्या ठरत नाही. ओतू जाईल इतकं भरलेल्या भांड्यातून थोडं सांडणारच. उपाय एकच, दुसरं भांडं घ्यायचं. ते भांडं म्हणजे वही.

माझी वही साधी दोनशे पानी आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवली आहे आणि तिला पेन दोऱ्यानं बांधलं आहे. (पेन न बांधाल तर आठ दिवसांत ते मुलांच्या दप्तरात जाईल, हा माझा अनुभव!) वही उघडली की डावीकडचं पान 'करायचं' आणि उजवीकडचं पान 'दिलं-घेतलं'. शेवटची चार पानं तारखांसाठी राखून ठेवली आहेत. वीजबिल, विम्याचा हप्ता, शाळेची फी, गॅसचा नंबर कधी लावला, वाचनालयाचं पुस्तक परत करायचा दिवस, हे सगळं तिथं. मागच्या पुठ्ठ्याला एक जुनं पाकीट चिकटवलं आहे. घरात आलेली प्रत्येक पावती आधी त्या पाकिटात जाते. पुस्तकात नाही!

ही वही चालवायचे नियम तीनच आहेत.

एक, पैसा घराबाहेर गेला की घरात पाऊल टाकल्याबरोबर लिहायचा. "मग लिहीन" म्हटलं की संपलं. हल्ली बरेच पैसे आपण फोनवरून देतो आणि बँकेकडे त्याची नोंद राहते, हे खरं. पण नोंदीत कुणाला दिले ते दिसतं, कशासाठी दिले ते आठवावंच लागतं. वाण्याला दिलेले सातशे किराण्याचे, की मागच्या महिन्याच्या बाकीचे? तेवढे दोन शब्द वहीत हवेत.

दोन, रात्री ओटा पुसून झाला की दुसऱ्या दिवशीची तीन कामं लिहायची. रोजचा स्वयंपाक-धुणं यात धरायचं नाही. ती कामं कुणी सांगितल्याशिवाय होतातच. जी कामं सांगितल्याशिवाय राहून जातात, तीच लिहायची. आणि तीनच. मी सुरुवातीला हौसेनं अकरा-अकरा कामं लिहीत असे. त्यातली चार व्हायची आणि राहिलेल्या सातांकडे बघून रात्री जीव खट्टू व्हायचा. तीन लिहिली आणि तीन झाली की बाई सुखानं झोपते.

तीन, एखादं काम सलग तीन दिवस पुढे ढकललं गेलं, की त्याच्यापुढे फुली मारून स्वतःला विचारायचं, हे काम खरंच करायचंय का? करायचं असेल तर मीच करायला हवं का? आणि मीच करायचं असेल तर ते एका बैठकीत होण्याजोगं आहे का? 'कपाट आवरणे' हे वाक्य माझ्या वहीत दोन महिने मुक्कामाला होतं. शेवटी ते खोडून 'कपाटाचा खालचा खण' असं लिहिलं. वीस मिनिटांत खण आवरून झाला. कामाला हात घालवत नाही, याचं कारण दर वेळी आळस नसतो. काम फार मोठ्या नावानं लिहिलेलं असतं, एवढंच.

कुणी म्हणेल, मोबाईलमध्ये लिहिलं तर नाही का चालणार? चालेल की. पण माझा अनुभव असा, की मोबाईल लिहायला हातात घेतला की लिहिणं राहतं आणि पंधरा मिनिटं दुसरीकडेच जातात. शिवाय भिंतीवरची वही घरातल्या सगळ्यांना दिसते. 'टाकीचा वाल बदलणे' हे काम एके दिवशी यांनी स्वतःहून वाचलं आणि रविवारी करून टाकलं. तोंडानं तेच मी पाच वेळा सांगितलं होतं!

दुसरी गोष्ट : दोन रकाने

वहीनं कामं मार्गी लागतात. पण काही गोष्टी कामाच्या नसून निर्णयाच्या असतात. नणंदेला पैसे उसने द्यावेत का, मुलीला दुसऱ्या शाळेत घालावं का, घर बदलावं का. असे प्रश्न आपण रात्री अंथरुणावर पडून सोडवतो. म्हणजे सोडवत नाहीच, नुसते घोळत बसतो. आज मनात 'हो'ची बाजू उगवते तेव्हा 'नाही'ची लपून बसते आणि उद्या उलट.

यावर अडीचशे वर्षांपूर्वीचा एक तोडगा आहे. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना लॉर्ड शेलबर्न नावाच्या एका उमरावाकडून नोकरी देऊ केली होती. घ्यावी की न घ्यावी, हा पेच. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना सल्ला विचारला. १९ सप्टेंबर १७७२ रोजी फ्रँकलिननी उत्तर पाठवलं. त्याचा मतलब असा, की तुम्ही काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावं हे सांगतो. कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला अनुकूल कारणं, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. एका बैठकीत संपवू नका. तीन-चार दिवस, जसं सुचेल तसं, थोडक्यात लिहीत जा. मग समोरासमोरची सारख्या वजनाची कारणं खोडा. एका बाजूचं एक कारण दुसऱ्या बाजूच्या दोन कारणांइतकं जड असेल, तर तिन्ही खोडा. शेवटी कोणत्या बाजूला काय उरतं ते पाहा. त्यानंतरही एक-दोन दिवस थांबा आणि नवीन काही सुचलं नाही, तर ठरवून टाका. प्रीस्टलींनी पुढे १७७३ मध्ये ती नोकरी धरली.

आपण वाण्याकडे तराजू बघतोच. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. हे तेच आहे, फक्त कागदावर.

मी हे करून पाहिलं ते सांगते. मी शाळेत सकाळचे तीन तास मराठी शिकवते. यंदा दिवाळीनंतर शाळेनं विचारलं, पूर्ण वेळ याल का? अकरा ते पाच. मी रेघ मारली. डावीकडे चार दिवसांत चार कारणं जमली. पगार वाढेल, शिकवणं मला मनापासून आवडतं, मुलाच्या पुढच्या शिक्षणाला हातभार लागेल, आणि चाळिशी उलटल्यावर अशी संधी पुन्हा येईलच असं नाही. उजवीकडे पाच. सासूबाई दुपारी एकट्या राहतील, मुलगा चारला घरी येतो, रात्रीचा स्वयंपाक दमल्या अंगानं करावा लागेल, पोळ्यांना बाई लावावी लागेल, आणि लोक काय म्हणतील.

मग खोडाखोड सुरू केली. वाढलेला पगार एकीकडे, पोळ्यांच्या बाईचा खर्च आणि दमणूक दुसरीकडे. तिन्ही खोडले. मुलाच्या शिक्षणाला हातभार आणि त्याचा संध्याकाळचा एकटा तास, हे दोन्ही खोडले. 'लोक काय म्हणतील' हे पहिल्या दिवशी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. चौथ्या दिवशी पाहिलं तर त्याला वजनच उरलं नव्हतं. रकान्यात बसवलं की पुष्कळशा भीतींचं असं होतं. शेवटी उरल्या तीन गोष्टी. डावीकडे आवड आणि संधी, उजवीकडे सासूबाई.

तो कागद ओट्यावर राहिला आणि सासूबाईंनी वाचला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या म्हणाल्या, "माझं नाव उजवीकडे घातलंस, मला विचारलंस का? दुपारी मी झोपते. तीनचा चहा मला करता येतो. गोळ्या तेवढ्या तारखेवार डबीत भरून ठेव, म्हणजे झालं."

मैत्रिणींनो, या एका वाक्यानं मला रकान्यांबद्दल जे शिकवलं ते फ्रँकलिनच्या पत्रातही नाही. प्रतिकूल बाजूला आपण दुसऱ्यांची नावं फार सहज घालतो. "यांना आवडणार नाही," "सासूबाईंना चालणार नाही," "मुलांचे हाल होतील." नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारावं. कधी उत्तर खरंच 'नाही' असेल, आणि मग ते कारण मान्य करावं लागेल. पण न विचारता ते आपणच ठरवून टाकू नये. येत्या जूनपासून मी पूर्ण वेळ शाळेत जाणार आहे.

आपल्याविरुद्धची गोष्ट आधी लिहा

दोन रकान्यांचीच आणखी एक कथा. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन. त्यांनी १८३८ साली लग्न करावं की करू नये, याचेच दोन रकाने मांडले होते! लग्नाच्या बाजूनं मुलंबाळं, म्हातारपणी सोबत. विरुद्ध बाजूला पुस्तकांना कमी पैसा आणि वेळेचा अपव्यय. बायकोची सोबत कुत्र्यापेक्षा बरी, असंही त्यात लिहून ठेवलेलं आहे. वाचून हसावं की चिडावं कळत नाही. पण शेवटी पारडं लग्नाच्या बाजूला झुकलं आणि जानेवारी १८३९ मध्ये एमा वेजवूड यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मला त्यांची दुसरी एक सवय जास्त मोलाची वाटते. ती त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली किंवा विचार सुचला, की ते ताबडतोब टिपून ठेवत. कारण आपल्याला सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात, गैरसोयीच्या मात्र चटकन विसरतात, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं.

हे वाचलं तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं. मावशींवर संशय घेतला त्या सकाळी मला काय काय आठवलं होतं? त्यांच्या मुलाची फी भरायची होती, हे आठवलं. आदल्या आठवड्यात त्यांनी उचल मागितली होती, हे आठवलं. पण चार वर्षांपूर्वी धुण्याच्या बादलीत माझ्या कानातली सोन्याची कुडी सापडली, तेव्हा ती मुठीत धरून त्या धावत वर आल्या होत्या, हे आठवलं का? नाही. तेही माझ्याच डोक्यात होतं. फक्त त्या घटकेला ते माझ्या सोयीचं नव्हतं.

म्हणून आता घरात कुणाचाही राग आला, कुणाबद्दल किल्मिष आलं, की मी वहीच्या एका कोपऱ्यात दोनच ओळी लिहिते. पहिली ओळ, मला काय वाटतंय. दुसरी ओळ, याच्या उलट मला काय ठाऊक आहे. पुष्कळदा दुसरी ओळ लिहिता लिहिताच पहिलीचा जोर ओसरतो. कधी कधी ओसरत नाही. मग निदान बोलताना शब्द तरी जपून वापरले जातात. यांनी वाढदिवस विसरला, जाऊबाईंनी निरोप दिला नाही, मुलगी उलटून बोलली, अशा ठिकाणी हे करून बघा. दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मला त्या सकाळी सुचली असती तर!

तिसरी गोष्ट : अर्धा तास

आता वाचनाकडे येते. "आम्हाला कुठं हो वेळ?" असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. घरातल्या बाईला वेळ कधी मिळत नाही, तो काढावा लागतो. आणि काढला की बोलणी बसतात, तीही खाऊन घ्यावी लागतात.

रमाबाई रानडे आठवा. जन्म १८६२ चा. १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. महादेव गोविंद रानड्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, सगळं सोसून त्या शिकत राहिल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक आलं. मिळाल्या तर त्या आठवणी जरूर वाचा. एवढ्या मोठ्या कुटुंबातला त्यांचा दिनक्रम पाहिला, की आपला अर्धा तास मागायला संकोच वाटेनासा होतो.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा जुनी आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. त्यामुळे लहान गावातही एखादं वाचनालय बहुधा असतंच. आपण त्या रस्त्यानं रोज भाजीला जातो आणि पायरी तेवढी चढत नाही. वर्गणी विचारून या. एका साध्या साडीच्या फॉल-बीडिंगला जेवढे जातात, त्याच्याशी ती ताडून पाहा.

वाचायचं कसं, त्याबद्दल थोडं. शाळेत शिकवत असल्यामुळे हे मला रोज वापरावं लागतं. फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९४६ साली अभ्यासाची एक पाच पायऱ्यांची रीत सांगितली. आधी नुसतं चाळा, मग मनात प्रश्न धरा, मग वाचा, मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगा, आणि काही दिवसांनी उजळणी करा. यातली मधली पायरी सगळेच चढतात. बाकीच्या चार आपण गाळतो आणि म्हणतो, "वाचलेलं लक्षात राहत नाही बाई."

ते का राहत नाही, याचा शोध हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून घेतला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरतात ते मोजायचं. त्याला दिसलं, की पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटतं. पुढे गळतीचा वेग कमी होतो. आणि एका दिवसात खूप घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली, तर कमी कष्टांत जास्त टिकतं. दही एकदाच ढवळून लोणी येत नाही, तसंच हे.

म्हणून मी असं करते. दुपारी जेवणं झाली, मागचं आवरलं, की अर्धा तास. पुस्तक मिटल्यावर वहीच्या 'करायचं'च्या पानाखाली एकच वाक्य लिहिते, आज काय वाचलं. संध्याकाळी भाजी निवडताना ते मुलाला किंवा सासूबाईंना सांगते. सांगता आलं नाही, तर समजलंच नव्हतं असं धरते. रविवारी सातही वाक्यं एकदा नजरेखालून घालते. बस्स, एवढीच उजळणी.

आणि वाचन म्हणजे फक्त कादंबऱ्या नव्हेत. विम्याचा कागद आपण वाचतो का? औषधाच्या पाकिटावरची मुदतीची तारीख? सोसायटीची नोटीस? घरातले असे कागद "ते बघतात" म्हणून आपण सोडून देतो. महिन्यातून एका दुपारी पुस्तकाऐवजी असा एखादा कागद घ्या. वाचण्यापूर्वी तीन प्रश्न लिहा. हप्ता कधी, मुदत किती, अडीअडचणीला कुणाला भेटायचं. उत्तरं सापडेपर्यंत कागद सोडू नका. कठीण काळात या अर्ध्या तासाची किंमत कळते.

जाता जाता एक सावधगिरी

वही ही आपली मदतनीस. तिला दुसरी सासूबाई करू नका. एखादा दिवस कोरा गेला तर गेला. घरात आजारपण असेल, पाहुणे असतील, तर आठवडाही कोरा जाईल. मागचं भरत बसू नका, आजच्या तारखेपासून लिहा. आणि वहीत दुसऱ्यांच्या चुकांचा हिशेब कधीही ठेवू नका. त्याला पानं पुरत नाहीत.

आता मावशींचं.

पावती सापडली त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दारातच हात जोडले. झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि महिन्याचा पूर्ण पगार पुढे ठेवला. त्यांनी काम केलेल्या दिवसांचेच पैसे मोजून घेतले, बाकीचे परत दिले. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "वहिनी, पैसे गावले, चांगलं झालं. पण आता मी त्या घरात नुसते हात धुतले, तरी तुम्ही माझ्या हाताकडं बघाल. नाही बघितलं, तरी बघताय असं मला वाटंल. मी काय आता येणार नाही."

ज्या दोघी शेजारणींना मी सांगितलं होतं, त्यांच्याकडेही गेले आणि चूक माझी होती असं स्पष्ट सांगितलं. ते मावशींची माफी मागण्यापेक्षाही अवघड गेलं. पण आळ जिथवर पोचवला, तिथवर माफी पोचवायलाच हवी होती. त्यातल्या एकीकडे मावशी आता कामाला जातात. जिन्यात भेटतात, मुलाची चौकशी करतात. आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत.

ती पावती मी फाडली नाही. वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवली आहे. रोज वही उघडली की आधी ती दिसते.

तुम्ही वही आजच घाला. पहिलं पान कोरं आहे तोवरच घाला.